“लेकरू का गं असं वाळलं?”

गंगाखेडला नात्यातलं लग्न होतं. मे महिन्यातलं, भर उन्हातलं. आमची चिऊ तेव्हा दोन वर्षं आणि एक महिन्याची होती. तिला हौसेनं परकर-पोलकं शिवलं होतं, केसांच्या दोन शेंड्या बांधल्या होत्या, आणि मी जरा ऐटीतच मांडवात शिरले होते. एवढ्यात आमच्या एका चुलतसासूबाईंनी तिला उचललं. बाजारात भोपळा हातावर तोलून बघतात ना, तसं तिला दोनदा वर-खाली केलं आणि भरल्या मांडवात म्हणाल्या, “अगं बाई, लेकरात वजनच नाही की! का गं असं वाळलं? खाऊ घालतीस का नाही?”

मग काय, सगळ्यांनाच कंठ फुटला. एकीनं चिऊचं मनगट दोन बोटांत धरून शेजारणीला दाखवलं. दुसरीनं स्वतःचा नातू पुढं केला, “हा बघ, हिच्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे.” तिसरीनं तर निकालच देऊन टाकला, “ही शाळेत जाती ना, मग लेकराकडं कोण बघणार?” सगळं अगदी मायेनंच चाललं होतं, बरं का. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण पंगतीत माझ्या पानावरची जिलबी मला गिळली नाही. येताना एसटीत चिऊ मांडीवर झोपली आणि मी खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत बसले. आमच्या ह्यांना वाटलं, धूळ गेली डोळ्यांत.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी अशा खिडकीशी बसल्या असतील, हे मला सांगायला नको. लेकरू काळं म्हटलं, किरकिरं म्हटलं, तर आपण एक वेळ हसून सोडून देतो. पण वजनावरून कुणी बोललं की कुठंतरी आत जाऊन लागतं. असं का होतं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. मला वाटतं, “लेकरू वाळलंय” हे वाक्य आईला तसं ऐकूच येत नाही. तिला ऐकू येतं, “तू वाळवलंस.” पोटाला घालणं हे आपल्याकडं आईचं पहिलं काम, आणि तेच तुला जमलं नाही, असा तो ठपका असतो. बापाला हा प्रश्न विचारलेला मी तरी ऐकला नाही. त्याच मांडवात आमचे हे चिऊला खांद्यावर घेऊन तासभर हिंडत होते. त्यांना सगळ्यांनी विचारलं ते कापसाच्या भावाचं!

आणि गंमत बघा. लेकरू गुटगुटीत असलं की “झाकून ठेव, दृष्ट लागंल” म्हणून तीट लावायची, मीठमोहऱ्या उतरवायच्या, वजनाचा उच्चारही करायचा नाही. आणि बारीक असलं की चारचौघांत तोलायचं!

आता त्यानंतर मी जे केलं ते सांगते. हसू नका.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दूधवाल्याला अर्धा लिटर जास्तीचं सांगितलं. दुधात घालायची एक महागडी पावडर आणली. चिऊ वाटीनं दूध घेईना, म्हणून माळ्यावर टाकलेली बाटली काढून उकळली. सकाळी उठल्यावर एक बाटली, शाळेतून आल्यावर एक, दुपारी निजताना एक, रात्री एक. मधे जेवायला बसवलं की ती तोंड फिरवायची. मग मी मोबाईलवर गाणी लावून, मागं मागं फिरून चार घास कोंबायची. ते नाही झालं की पुन्हा दूध. “निदान दूध तरी पोटात जातंय,” हे माझं समाधान. महिन्याअखेरीस दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध जात होतं, आणि मी ते शाळेत बाकीच्या बायकांना कौतुकानं सांगत होते.

मी गावातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळचे तीन तास. बी.ए. झालेली बाई, मुलांना आहाराचा धडा शिकवणारी, आणि घरी हा प्रकार!

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत दर महिन्याला वजनं होतात. आढ्याला काटा टांगलेला, त्याला झोळी, झोळीत लेकरू. चिऊचं जन्माचं वजन २ किलो ६०० ग्रॅम. पहिल्या वाढदिवसाला ७ किलो ९००, दुसऱ्याला बरोबर १० किलो. ताई दरवेळी कार्डावर टिंब द्यायच्या. टिंब खालच्या अंगाला असायचं, पण हिरव्या पट्ट्यात, आणि महिन्यागणिक जरा वर सरकायचं. लग्नानंतर मात्र ते सरकेना. जूनला १० किलो १००, ऑगस्टला तेच, ऑक्टोबरला तेच. डिसेंबरात, चिऊ दोन वर्षं आठ महिन्यांची असताना, काटा १० किलोवर उभा राहिला.

ताई म्हणाल्या, “मॅडम, वजन पिवळ्यात गेलंय. एकदा डॉक्टरांना दाखवा.”

तिथं अजून पाच-सहा बाया होत्या. मला ताईंचे शब्द ऐकूच आले नाहीत. मला पुन्हा तो मांडवच दिसला. मी म्हटलं, “ताई, आमची चण मुळातच बारीक आहे. तुम्ही आधी तुमचा काटा तपासून घ्या.” चिऊला झोळीतून काढलं आणि तडातडा घरी आले. पुढचे दोन महिने वजनाला पाठवलीच नाही. ताईंनी मदतनीस बाईंना दोनदा निरोप देऊन पाठवलं. मी आतूनच सांगितलं, “झोपलीय.”

ताईंनी मला हिणवलं नव्हतं. माझ्या भल्याचं, तेही हळू आवाजात सांगितलं होतं. पण वर्षभर टोमणे ऐकून माझे कान असे सोललेले होते, की टोमणा कुठला आणि सूचना कुठली हे मला कळेनासं झालं होतं. दोन महिने त्यात गेले, आणि ते माझे नाही, चिऊचे गेले. हे मला आजही सलतं, आणि हा लेख लिहायला बसले तेही त्यासाठीच.

फेब्रुवारीत ताई स्वतःच घरी आल्या. हातात काटा नव्हता, कार्ड नव्हतं. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग पिशवीतून ती रंगीत पट्टी काढली. दंडाचा घेर मोजायची पट्टी असते ना, ती. म्हणाल्या, “मॅडम, वजनाचं राहू द्या. ही पट्टी तुम्हीच बांधून बघा.” मी बांधली. चिऊचा दंड १२.८ सेंटिमीटर भरला. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड ११.५ च्या खाली आला तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मधे असला तर मध्यम. म्हणजे चिऊ त्या रेषेच्या जेमतेम वर होती. ताई म्हणाल्या, “भिण्यासारखं नाही. पण लेकराचे ओठ पांढरे दिसतात मला. पापणी खाली ओढून बघा.” पाहिलं, तर आतून लाली नव्हतीच म्हणा ना. रोज तोंड धुणारी मी, मला ते दिसलं नव्हतं. मी वजनच बघत बसले होते.

गंगाखेडला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तपासलं, आणि पहिला प्रश्न विचारला, “दूध किती पिते?”

मी ताठ मानेनं म्हटलं, “लिटरभर पिते हो!”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार!

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.२ निघालं. या वयात ते निदान ११ पाहिजे. डॉक्टरांनी मग जे समजावून सांगितलं ते तुम्हाला सांगते, कारण दुधाच्या बाबतीत आपण सगळ्याच डोळे झाकून असतो. दुधात चुना आहे, प्रथिनं आहेत, सगळं खरं. पण लोह जवळजवळ नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं, आणि लिटरभर दुधातून त्यातलं एकही धड मिळत नाही. शिवाय दुधातलं कॅल्शियम, जेवणातून येणारं लोह अंगी लागू देत नाही. आणि पोट दुधानं गच्च भरलेलं, मग भूक लागणार कुठून? रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. भूक मेली की आई आणखी दूध पाजते. असं ते रहाटगाडगं. लेकराचं वजन वाढावं म्हणून मी जे ओतत होते, त्यानंच तिचं वजन अडवून धरलं होतं.

चण बारीक असणं हा दोष नाही, हेही त्यांनी सांगितलं. आईबाप दोघंही किरकोळ, जन्मवजन २ किलो ६००. असं मूल कार्डावर खालच्या अंगाला राहिलं तरी हरकत नसते. बघायचं ते टिंब महिन्यागणिक आपल्या वाटेनं वर जातंय का. टिंब सलग दोन-तीन महिने एका जागी थांबलं किंवा खाली आलं, तर मूल वरच्या पट्ट्यात असो की खालच्या, दाखवायचं. आणि बाळसं जाण्याचंही एक वय असतं. मूल वर्षाचं होईपर्यंत जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होतं. पण पुढं त्याची चाल मंदावते. दुसऱ्या वर्षात अडीच किलोच्या आसपास आणि मग पाच वर्षांपर्यंत वर्षाला दोनेक किलोच वाढ होते. त्यात ते चालायला, पळायला लागतं, उंच होतं. गालांचे लाडू जातात, मांड्यांच्या वळ्या जातात. ते लेकरू वाळलेलं नसतं, वाढत असतं. पण मांडवातल्या डोळ्यांना ते पहिल्या वर्षाचं गोळामटोळच आठवत असतं.

आपले डोळे असे का झाले असावेत? एक तर जाहिरातींनी. आमच्या आजीच्या तोंडी “ग्लॅक्सो बेबी” हा शब्द होता. गोरं, गुबगुबीत, डब्यावरच्या चित्रासारखं बाळ म्हणजे ग्लॅक्सो बेबी. पुढं पुढं तर गावोगावच्या सुदृढ बालक स्पर्धांतही गालांनाच गुण मिळायचे. डब्यावरच्या त्या चित्रांचा पगडा एवढा, की १९९२ साली बाळदुधाच्या पर्यायांविषयी कायदा झाला तेव्हा त्यात हेही घातलं की अशा डब्यांवर बाळाचं चित्र छापायचं नाही आणि त्यांची जाहिरातही करायची नाही. २००३ साली तो आणखी कडक केला. चित्र डब्यावरून गेलं. आपल्या डोळ्यांतून जायला वेळ लागणार.

पण दुसरंही कारण आहे, आणि ते मला आमच्या सासूबाईंकडून कळलं. डॉक्टरांकडून आल्यावर मी रागातच होते. म्हटलं, “आत्या, तुम्ही सगळ्यांनी वाळलं वाळलं करून माझ्या जिवाला घोर लावला, त्यानं हे झालं.” त्या ज्वारी निवडत होत्या. सुपातून डोकं वर न काढता म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. माय खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आणायची. माझा धाकटा भाऊ असाच वाळला होता. बाया म्हणायच्या, लेकरू वाळलंय गं. मायला ऐकू यायचं नाही, ती कामानं मेलेली असायची. गेला तो.” आणि पुन्हा सूप पाखडायला लागल्या.

बारा वर्षं मी या घरात आहे. हे मला माहीत नव्हतं.

आपल्या मराठवाड्यात “लेकरू वाळलं” हे शब्द एके काळी खरोखरच धोक्याची घंटा होते. आजही कित्येक घरांत आहेत. आमच्या राणीसावरगावच्या आसपास, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. लेकरं संगं जातात, चार-पाच महिने कोपीत राहतात. ताई सांगतात, परत आली की पहिल्या वजनाला त्यांना स्वतःलाच भीती वाटते. २०१९ ते २०२१ या काळात देशात जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३६ मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची भरली, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरात जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय निघाला. म्हणजे माझी चिऊ काही जगावेगळी नव्हती. तेव्हा वजन करायचंच नाही, असा हट्ट धरून चालणार नाही, हे आता मला पटलंय. २००५ साली औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. त्याचा पायाच मुळी प्रत्येक लेकराचं वजन करणं, ते न लपवता लिहिणं आणि खालच्या पट्ट्यातल्या लेकरांच्या मागं लागणं हा होता. पुढच्या सहा-सात वर्षांत राज्यात दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांच्या आसपास आलं. हे कुणा एकाचं यश नाही. पण आढ्याला टांगलेल्या त्या काट्यांचा त्यात वाटा आहे, आणि मी त्याच काट्याला खोटं ठरवून आले होते.

तो तक्ता कुठून येतो, हेही मी ताईंना विचारलं. मला वाटायचं, तो गोऱ्या मुलांवरून काढलाय, आपल्या लेकरांना तो कसा लागू पडणार? पूर्वी तसं होतंही. पण आताचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली काढला. त्यासाठी सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली, आणि त्यांत आपल्या दिल्लीची मुलंही होती. आईच्या अंगावर पिणारी, धड घरात राहणारी मुलं कुठल्याही देशात साधारण सारखीच वाढतात असं त्यात दिसलं. आपल्या अंगणवाड्यांनी तो तक्ता २००८ पासून घेतला. मुलींसाठी वेगळा, मुलांसाठी वेगळा. तीन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन १३ किलो ९००, पण १० किलो ८०० पर्यंत हिरवा पट्टा आहे. म्हणजे एकाच वयाच्या दोन मुलींत तीन किलोंचा फरक असला तरी दोघी ठणठणीत असू शकतात. मांडवात शेजारणीचा नातू पुढं करणाऱ्या बाईंना हे कुणीतरी सांगायला हवं होतं!

असो. स्वयंपाकघराकडं वळू. डॉक्टरांनी दूध दिवसाला दोन वाट्यांवर आणायला सांगितलं, आणि तेही जेवणानंतर. बाटली बंद. पहिले चार दिवस घरात आकांत झाला. सासूबाईंचा जीव तुटत होता, पण त्यांनीच बाटली उचलून भंगारवाल्याला दिली. पाचव्या दिवशी चिऊ आपण होऊन माझ्या ताटापाशी आली आणि वरणात बोट घातलं. भुकेलं लेकरू कसं दिसतं, हे मी विसरूनच गेले होते. लोहाचं औषध तीन-चार महिने दिलं. ते दुधाबरोबर देऊ नये. लिंबाच्या सरबताच्या घोटाबरोबर द्यावं. शी काळी होते, घाबरू नये. जंताचं औषध दिलं. बाकी वेगळं काही आणलं नाही. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ आणि मेथी किंवा पालक घालून मऊ धपाटे, वरून तूप. मुगाच्या डाळीची धिरडी. शेंगदाण्याचं बारीक कूट आणि गुळाचे लाडू. अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे लहान मुलांना देऊ नयेत, श्वासनळीत अडकतात. घट्ट वरणभातावर लिंबू पिळलंच पाहिजे. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं. ज्वारीचं म्हणाल तर आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संस्थेबरोबर “परभणी शक्ती” नावाचं वाण काढलंय, २०१८ साली प्रसारित झालं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. पावडरीच्या डब्याला दिलेले पैसे आठवले की मला अजून हळहळ वाटते.

आता माझी दुसरी चूक. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

माझ्या वर्गात पहिलीला एक मुलगा होता. अंगानं चांगला भरलेला, हसरा. मी त्याला लाडानं “आमचे पैलवान” म्हणायची. “पैलवान, जरा मागं बसा, मागच्यांना फळा दिसू द्या.” वर्ग हसायचा, तोही हसायचा. एक दिवस शाळा सुटल्यावर त्याची आई येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, “मॅडम, रागावू नका. पण हा महिनाभर डबा परत आणतोय. विचारलं तर म्हणतो, पोरं पैलवान म्हणतात. रात्री भाकरी पण चोरून खातो.” महिनाभर ती गप्प राहिली होती, कारण बोलणारी बाई त्याची शिक्षिका होती.

जाड मुलाची आई खुशीत असते, असं मी धरून चालले होते. तिनं सांगितलं, तिला दोन्हीकडून ऐकावं लागतं. माहेरी “राजबिंडं आहे गं,” आणि शेजारी “आवर त्याला, काय घालतीस एवढं?” ज्या मुक्यानं मी एसटीत रडले, त्याच मुक्यानं तीही कुठंतरी रडत होती, आणि त्या मांडवातली चुलतसासूबाई मी होते! दुसऱ्या दिवसापासून त्याला नावानं हाक मारायला लागले, आणि फळा पुसायचं काम त्याच्याकडं दिलं म्हणून तो पुढच्या बाकावर आला. डबा खायला त्याला आणखी तीन आठवडे लागले.

जाड मुलांचा प्रश्नही आता गावात आलाय. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण १.९ टक्क्यांवरून ४.१ वर गेलेलं दिसलं. आकडा लहान आहे, पण पाचेक वर्षांत दुप्पट झालाय. आणि गालांवरून आतलं कळत नाही, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळं सरासरी २ किलो ७०० ची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. पण आपली बाळं दिसायला किडमिडीत असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा टिकून असतो, कमी पडतात ते स्नायू. पुढं त्यांनी स्वतःचाच एक फोटो छापला, शेजारी त्यांचे एक इंग्रज डॉक्टर मित्र. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात ९ टक्के चरबी आणि आपल्या डॉक्टरांच्या २१ टक्के! तेव्हा लेकरू हातावर तोलून निकाल देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. बारक्या मुलाला तूपसाखर कोंबून गोल करण्यातही शहाणपण नाही, हेही त्यातून निघतं.

आणि हे दुखणं काही आपल्याच मांडवातलं नाही. इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून चार-पाच वर्षांच्या आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांची शाळेत वजनं होतात आणि घरी पत्र जातं. मूल जास्त वजनाचं आहे असं पत्र आलं की तिथल्या आयाही अशाच संतापतात, पत्र फाडतात, म्हणे आमचं मूल चांगलं आहे. वर्तमानपत्रांत त्यावर गदारोळ झाला, पत्रांची भाषा बदलावी लागली. तिकडं काटा उलटा, पण आईचं काळीज तेच.

आमच्या ताईंनीही त्यांची पद्धत बदलली आहे. मी काही सांगितलं नव्हतं. आता आकडा मोठ्यानं बोलत नाहीत, कार्ड आईच्या हातात देतात, टिंब तिलाच द्यायला लावतात, आणि “या महिन्यात आजारी होती का? भूक कशी आहे?” एवढंच विचारतात. फोनवर त्यांना सगळं भरावं लागतं, एकेका मुलापाशी एवढा वेळ काढणं सोपं नाही, तरी काढतात. मी त्यांची माफी मागितली, तेव्हा म्हणाल्या, “मॅडम, काटा मी खरंच तपासून घेतला होता. बरोबर होता.” आम्ही दोघी खूप हसलो.

चिऊचं वजन तीन वर्षं दोन महिन्यांची झाली तेव्हा ११ किलो ६०० भरलं. हिमोग्लोबिन ११.४. अजूनही ती कार्डावर खालच्या अंगालाच आहे, आणि अजूनही तिच्या परकराची नाडी दोनदा गुंडाळावी लागते.

परवा नवरात्रात रेणुकादेवीच्या देवळात त्याच चुलतसासूबाई भेटल्या. चिऊला बघून त्यांचा हात पुढं आलाच. मी तोंड उघडायच्या आत आमच्या सासूबाई म्हणाल्या, “वाळलं नाही ते, शेलाटं आहे. रगत तपासलंय तिचं, चांगलं निघालंय.” चुलतसासूबाई क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा काढला आणि चिऊच्या हातावर ठेवला. तिनं तो त्यांच्यासमोरच कराकरा चावून खाल्ला, आणि अजून एक मागितला.